बाराव्या फेरीसाठी: एक-दशांश ऑफ-रोड बग्गीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

मागच्या हंगामातील शेवटच्या शर्यतीचा फेऱ्यांचा तक्ता समोर ठेवून ही वही सुरू करत आहे. पाच मिनिटांच्या हीटमध्ये (अंतिम शर्यतीआधीच्या पात्रता शर्यतीत) माझ्या रिमोटवर चालणाऱ्या बग्गीने १० फेऱ्या ५ मिनिटे १९.८ सेकंदांत पूर्ण केल्या. त्यांतील सर्वांत जलद फेरी २७.९ सेकंदांची होती आणि सरासरी ३१.९८ सेकंदांची. गाडी उलटली, कडेच्या नळीला अडकली, मार्शलने (ट्रॅकवर उभ्या मदतनिसाने) उचलून सरळ केली, असे चार प्रसंग त्या हीटमध्ये घडले आणि प्रत्येकात सुमारे आठ सेकंद गेले. ते वजा केले तर उरलेली फेरी २८.८ सेकंदांच्या आसपास येते.

हीटचे घड्याळ प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्रपणे, ती सुरुवातीची रेषा प्रथम ओलांडते तेव्हा सुरू होते आणि ३०० सेकंद संपले तेव्हा जी फेरी चालू असेल ती पूर्ण करू दिली जाते. त्यामुळे बारावी फेरी मिळवायची असेल तर अकरा फेऱ्या ३०० सेकंदांच्या आत संपायला हव्यात, म्हणजेच सरासरी २७.२७ सेकंदांपेक्षा कमी हवी. माझी सर्वांत जलद फेरीसुद्धा आज यापेक्षा संथ आहे. या हंगामात एका तरी हीटमध्ये बारा फेऱ्या पूर्ण करायच्या, एवढेच उद्दिष्ट मी लिहून ठेवत आहे.

गाडी एक-दशांश प्रमाणाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी असून तिची मागची दोन चाके चालतात आणि मोटर मागच्या आसाच्या पुढे बसवलेली आहे. आमच्या वर्गात १७.५ वेढ्यांची सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर, दोन सेलची कठीण कवचाची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि टायमिंग (मोटरचा वेग वाढवण्यासाठी वीज आधी देण्याची सोय) शून्यावर ठेवलेला स्पीड कंट्रोलर एवढेच चालते. कंट्रोलर खरोखर शून्यावर आहे की नाही, हे त्याच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून तपासनिसांना लगेच कळते. किमान वजन १,४७४ ग्रॅम आहे आणि माझी गाडी १,५७२ ग्रॅम भरते, त्यामुळे वजनाची काळजी नाही.

एका वेळी एकच बदल करायचा, त्यानंतर दहा फेऱ्या घ्यायच्या आणि सर्वोत्तम फेरी व सरासरी या दोन्हींची नोंद करायची, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. मागच्या हंगामात मी एकाच दिवशी तेल, स्प्रिंग आणि टायर बदलले आणि गाडी सुधारली ती कशामुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

८ जानेवारी

गाडी पूर्ण खोलली. बेअरिंग एकेक करून बोटावर फिरवून पाहिले. डाव्या मागच्या हबमधील (चाकाचा आस धरणाऱ्या भागातील) बाहेरचे बेअरिंग वाळू भरल्यासारखे खरखरत होते, ते बदलले. बाकीच्यांची रबरी झाकणे सुईने अलगद काढली, बेअरिंग धुतले, वाळवले आणि हलक्या तेलाचा एकेक थेंब देऊन झाकणे परत बसवली. डावीकडची मागची हिंज पिन, म्हणजे चाक धरणारा आर्म ज्या कांडीवर वर-खाली हलतो ती, काचेवर लोळवून पाहिली तेव्हा ती किंचित वाकलेली निघाली. पिन एवढी वाकली तरी आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही, आणि ज्या आर्मला मोकळेपणी हलता येत नाही त्याच्या शॉकवर (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळीवर) कितीही काम केले तरी ते वाया जाते. नवी पिन घातल्यावर आर्म सुटताच खाली पडला.

खरा वेळ बॉल डिफरन्शियलने, म्हणजे वळताना दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या जोडणीने घेतला. त्यात दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये टंगस्टन कार्बाइडचे बारीक छर्रे गिअरच्या भोकांत बसलेले असतात. स्क्रूच्या दाबाने चकत्या छर्ऱ्यांवर आवळल्या जातात आणि केवळ त्या घर्षणाने मोटरची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. दाब अपुरा पडला की छर्रे चकतीवर घसरतात, चकतीला चर पडते आणि मग डिफ हातात फिरवताना बारीक खडखड जाणवू लागते. माझ्या चकत्यांना नखाला लागेल अशी चर पडली होती. सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ६०० आणि मग १,००० नंबरचा, ठेवून चकत्या गोलाकार घासल्या, चर पूर्ण गेली, तरीही मी त्यांच्या दुसऱ्या बाजू वापरल्या. छर्ऱ्यांना सिलिकॉनचे डिफ ग्रीस, तर थ्रस्ट बेअरिंगला वेगळे काळे ग्रीस लावले. ही दोन वंगणे एकमेकांच्या जागी वापरून चालत नाहीत, कारण काळे ग्रीस छर्ऱ्यांवर गेले तर हवे असलेले घर्षणच नाहीसे होते.

जुळणीनंतर स्क्रू एकदम आवळला नाही. एक चाक धरून दुसरे अर्धा मिनिट मंद गतीने फिरू दिले, मग दुसऱ्या बाजूला तेच केले आणि प्रत्येक वेळी स्क्रू अष्टमांश फेरा आवळला. शेवटी दोन्ही मागची चाके घट्ट धरून स्पर गिअर (मोटरकडून ताकद घेणारा मोठा गिअर) अंगठ्याने पुढे ढकलून पाहिला. अशा वेळी घसरायचे असेल तर स्लिपर क्लचने (जादा धक्का बसला की घसरून गिअर वाचवणाऱ्या क्लचने) घसरावे, डिफने कधीच नाही, हा क्रम जपला तर डिफ दीर्घकाळ टिकतो.

१२ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस चार शॉकना दिला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पुढच्या दोन शॉकची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजली तर त्यांत ०.६ मिलिमीटरचा फरक होता, कारण एका दांड्यावर खालचा सांधा पूर्ण आटे घेऊन बसला नव्हता. गाडी डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना वेगळी वागते, ही माझी जुनी तक्रार होती, आणि तिचे मूळ बहुधा इथेच असावे.

तेल पुढे ३५० आणि मागे ३०० सेंटिस्टोकचे घातले. बाटल्यांवर बऱ्याचदा ‘वेट’ असा आकडा असतो, पण त्याचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो. सेंटिस्टोक हे दाटपणाचे मोजता येणारे एकक आहे, म्हणून वहीत मी तेच लिहिणार आहे. पिस्टनला १.६ मिलिमीटरची दोन भोके आहेत. शॉक हळू दबतो तेव्हा तेलाचा दाटपणा जाणवतो, पण उडीवरून खाली येताना दांडा इतक्या वेगाने आत जातो की तेल भोकांतून पुरेसे लवकर निघू शकत नाही आणि शॉक क्षणभर घट्ट दगडासारखा होतो. म्हणून एकाच ‘मऊपणा’कडे जाण्याचे दोन मार्ग सारखे नसतात. लहान भोके आणि पातळ तेल यांनी गाडी उडीवर आधार देते, तर मोठी भोके आणि दाट तेल यांनी खडबडीत पट्ट्यावर चाके जमिनीला चिकटून राहतात. आमच्या ट्रॅकवर उड्या तीन आहेत आणि खळगे पुष्कळ, म्हणून भोके तूर्त आहेत तशीच ठेवली.

तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली केला आणि शॉक दहा मिनिटे उभे ठेवले, म्हणजे बुडबुडे आपोआप वर येतात. घाईने झाकण लावले तर हवा आत अडकते आणि चारही शॉकचा परतावा वेगवेगळा होतो. झाकण लावल्यावर चारही दांडे पूर्ण आत दाबून सोडले तेव्हा ते सारख्याच वेगाने आणि सारख्याच अंतरापर्यंत बाहेर आले. मग बॅटरी घालून गाडी तीस सेंटिमीटरवरून सपाट टाकली. चॅसिस जमिनीला हलकेच टेकले आणि गाडी एकदाच उसळून स्थिर झाली.

१९ जानेवारी

ट्रॅकवर पहिला सराव. जमिनीपासून चॅसिसची उंची पुढे-मागे २२ मिलिमीटर, कॅम्बर (चाकाचा उभा कल) चारही चाकांना उणे १ अंश, मागच्या चाकांचा टो-इन (पुढची कड आत वळलेली असणे) ३ अंश. टर्नबकल (दोन टोकांना उलट आटे असलेले, लांबी बदलता येणारे दांडे) बसवताना सगळ्यांचे डावे आटे एकाच दिशेला ठेवले, म्हणजे ट्रॅकवर पाना कोणत्या बाजूला फिरवायचा याचा विचार करावा लागत नाही.

सर्वोत्तम फेरी २७.६, सरासरी २९.४. सर्वोत्तम फेरी जेमतेम सुधारली, पण सरासरी अडीच सेकंदांहून अधिक खाली आली, आणि हे एकही ‘वेगवान’ सुटा भाग न घेता, केवळ जुन्या भागांना मोकळे आणि समान केल्याने झाले. वहीतली ही ओळ मी मुद्दाम ठळक अक्षरांत लिहिली आहे.

२ फेब्रुवारी

आज वीज आणि गिअर. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारा गरजेपेक्षा लांब होत्या, त्या आखूड करून नव्याने डाख दिला. डाख चमकदार आणि तारेच्या आतपर्यंत भिनलेला दिसायला हवा. वरवर चिकटलेला करडा गोळा म्हणजे उद्याचा तुटलेला जोड. सेन्सरची बारीक केबल चॅसिसच्या कडेला घासत होती, तिला वेगळ्या वाटेने नेले.

स्पर ७२ दातांचा आणि गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.६ आहे. पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) २९ दातांचा असताना अंतिम गुणोत्तर ६.४६ येते, ३० ला ६.२४ आणि ३१ ला ६.०४. तिन्ही पिनियनवर प्रत्येकी पाच मिनिटे गाडी चालवली आणि थांबताक्षणी मोटरचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले. ते अनुक्रमे ६१, ६७ आणि ७९ अंश सेल्सिअस आले. ३१ दातांवर सर्वोत्तम फेरी २७.२ झाली खरी, पण शेवटच्या मिनिटात सरळ पट्ट्यावर गाडी मंदावलेली स्पष्ट दिसत होती. रोटरचा निओडिमियम चुंबक तापला की त्याची ताकद घटते, आणि फार तापला तर ती कायमची जाते. ३० दातांवर सर्वोत्तम २७.३ आणि सरासरी २८.८ आली, तर ३१ वर सरासरी २९.१ होती. ३० दातांचा पिनियन कायम केला. पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये कागदाची पातळ पट्टी सुरकुतून बाहेर येईल इतकीच फट ठेवली.

९ फेब्रुवारी

हंगामातील पहिली क्लब शर्यत. तीन हीट आणि त्यानंतर अंतिम शर्यती, असा नेहमीचा क्रम. जुन्या सदस्यांनी आज सांगितले की पूर्वी २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवर गाड्या चालत तेव्हा प्रत्येकाच्या क्रिस्टलची वारंवारता फळ्यावर लावलेली असे, आणि दोघांकडे एकच क्रिस्टल असेल तर एकाला थांबावे लागे. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिसीव्हर आपापल्या ट्रान्समीटरशी जोडलेले असतात, त्यामुळे ती अडचण उरली नाही. ट्रॅकखालून गेलेली तारेची वेटोळी गाडीतल्या ट्रान्सपाँडरचा क्रमांक ओळखते आणि फेरीची वेळ आपोआप नोंदवली जाते.

पहिल्या हीटमध्ये १० फेऱ्या ५:११.२, दुसऱ्यात ११ फेऱ्या ५:१८.६ आणि तिसऱ्यात ११ फेऱ्या ५:१२.७. पहिल्या हीटमध्ये सर्व्होच्या (पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या यंत्राच्या) आसावरील हॉर्नचा, म्हणजे पट्टीचा, स्क्रू सैल झाला आणि स्टिअरिंग मधूनच ढिले पडले. हा दोष पूर्णपणे माझा आहे. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावायचे असते आणि प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला कधीच लावायचे नसते, हे माहीत असूनही सर्व्होचा धातूचा आस माझ्या नजरेतून सुटला होता.

आपली हीट संपली की पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभे राहावे लागते. आज मी दुहेरी उडीजवळ (लागोपाठचे दोन उंचवटे एकाच उडीत पार करायच्या जागी) उभी होते आणि तेथून जे दिसले ते चालकांच्या मंचावरून कधीच दिसत नाही. जलद चालकांच्या गाड्या उडीच्या चढाला सरळ रेषेत लागतात. माझी गाडी वळण संपायच्या आतच चढावर येते, त्यामुळे हवेत असताना तिचा एक खांदा खाली झुकलेला असतो.

१६ फेब्रुवारी

नवे टायर चिकटवले. रिमच्या खाचा स्पिरिटने पुसल्या, टायरच्या आतील कडा साबणाने धुऊन वाळवल्या, कारण साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर राहिला तर गोंद धरत नाही. फोमच्या कडा कात्रीने किंचित गोल केल्या, टायर चढवून खाचेत सर्व बाजूंनी बसल्याची खात्री केली आणि पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचे थेंब कडेने सोडले. मागची डावी चाक-जोडणी फिरवताना थोडी डगमगते आहे. टायर वाकडा चिकटला असावा. पुढच्या वेळी अधिक काळजी घेईन.

२३ फेब्रुवारी

नवे टायर ट्रॅकवर. आमच्या ट्रॅकची माती चिकणी आहे आणि तिच्यावर भुसभुशीत थर असतो. पहाटे पाणी मारल्यावर ती ओलसर असते, दिवस चढेल तशी चाकोरी कोरडी होऊन चमकू लागते आणि चाकोरीच्या बाहेर धूळ साचते. उंच टोकांचे टायर सकाळच्या ओलसर मातीत उत्तम चालतात, पण दुपारी चकाकणाऱ्या चाकोरीवर त्यांची टोके वाकतात आणि गाडी डुलते. दुपारी आखूड, दाट टोकांचे टायर लावले तेव्हा गाडीचा मागचा भाग शांत झाला. सर्वोत्तम २६.७, सरासरी २८.०. एकाच बदलाने एवढा फरक या वहीत अजून पडला नव्हता. आमच्या क्लबात टायरविषयी सर्वांत जास्त बोलले जाते आणि ते योग्यच आहे, कारण बाकीची सगळी मांडणी अखेर त्या चार रबरांच्या तळाशीच जमिनीला भेटते.

२ मार्च

कोरड्या, भुसभुशीत दिवशी वळणातून बाहेर पडताना मागची चाके पकड न घेता फिरत राहतात, हे जुने दुखणे. मोटर मागच्या आसाच्या पुढे असलेल्या मांडणीत वजन मध्यभागी येते. पकड भरपूर असेल तेव्हा गाडी चपळ वळते, पण भुसभुशीत मातीत मागच्या चाकांवर भार कमी पडतो. १९८४ साली आलेल्या असोसिएटेड या कंपनीच्या आरसी-१० बग्गीमध्ये मोटर मागच्या आसाच्याही मागे होती आणि तिचे चॅसिस सोनेरी अॅल्युमिनियमच्या खोक्यासारखे होते. १९८५ मध्ये अमेरिकेत झालेल्या पहिल्या एक-दशांश ऑफ-रोड जागतिक स्पर्धेत दुचाक-चालित गट त्याच गाडीने जिंकला. त्या काळच्या सैल मातीसाठी ती मांडणी किती समर्पक होती, हे माझी गाडी अशा दिवशी घसरताना पाहिली की पटते.

माझ्या गाडीत मोटर हलवता येत नाही, पण आखूड बॅटरी पुढे-मागे सरकवता येते. फोमचे तुकडे पुढे घालून ती १० मिलिमीटर मागे नेली. दोन तराजूंवर पुढची व मागची चाके ठेवून पाहिले, तर मागचा भार ६० टक्क्यांवरून साधारण ६०.५ टक्क्यांवर गेला. आकडा लहान आहे, पण बाहेर पडताना आता गाडी सरळ राहते. बदल्यात वळणात शिरताना पुढची चाके किंचित कमी पकड घेतात. ते मला चालेल.

९ मार्च

आज गाडीला हात लावला नाही. एकच दुहेरी उडी, चाळीस वेळा.

गाडी हवेत गेल्यावर तिला बाहेरून टेकू नसतो, म्हणून चाकांचा फिरण्याचा वेग बदलला की त्याची भरपाई चॅसिसला करावी लागते. थ्रॉटल दिला तर चाके आणखी वेगाने पुढे फिरतात आणि नाक वर जाते. ब्रेक लावला तर चाके थांबतात, त्यांचे फिरणे चॅसिसला मिळते आणि नाक खाली येते. हे मला ठाऊक होते, तरी ते बोटांपर्यंत पोहोचायला आज तीन बॅटऱ्या लागल्या. दोन्ही टोकांनी एकाच वेळी टेकणे हे लक्ष्य आहे. नाकावर टेकली तर गाडी उलटते आणि शेपटीवर टेकली तर पुढची चाके क्षणभर हवेत राहून पुढचे वळण हुकते.

धाकटा भाऊ कठड्याशी बसून वेळा लिहीत होता. विसाव्या प्रयत्नानंतर तो म्हणाला, “ताई, वेळ उडीवर जात नाहीये. उडीच्या आधीच्या वळणात तू उशिरा सरळ होतेस.” त्याच्याकडच्या वेळांवरून ते खरेच निघाले. मग मी वळणात आधीच ब्रेक लावून लवकर वळू लागले आणि चढाच्या दोन गाडीलांबी अलीकडे चाके सरळ ठेवू लागले. ट्रान्समीटरवर स्टिअरिंगची कमाल मर्यादा थोडी कमी केली, म्हणजे पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर जमिनीवर खरवडत नाहीत. सर्वोत्तम २६.८, सरासरी २७.६. सर्वोत्तम फेरी दशांशाने बिघडली आणि सरासरी चार दशांशांनी सुधारली.

१६ मार्च

दुसरी क्लब शर्यत. पहिली हीट ११ फेऱ्या ५:०४.६. दुसरीत सातव्या फेरीला दुसऱ्या गाडीच्या मागून वळणात शिरले, ती उलटली, मी बाजूला काढू शकले नाही आणि पुढचा उजवा आर्म नळीवर आपटून मुळाशी तुटला. तिसरीत नव्या आर्मसह ११ फेऱ्या ५:०३.१. तीन सेकंदांनी बारावी फेरी हुकली.

तुटलेला आर्म पाहताना लक्षात आले की मी टक्कर टाळायला काहीच जागा ठेवली नव्हती. ज्येष्ठ सदस्यांचा सल्ला असा की समोरची गाडी अडखळलेली दिसली की तिच्याकडे न पाहता जेथे मोकळी जागा आहे तिकडे पाहावे, कारण हात नजरेच्या मागे जातो.

३० मार्च

स्लिपर क्लच. आवळलेला होता, म्हणून उडीवरून उतरताना चाकांना बसणारा धक्का थेट डिफ आणि गिअरच्या दातांवर जात होता. नट पूर्ण सैल करून पुन्हा थोडा थोडा आवळला. स्थिर उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर साधारण अर्धा मीटर बारीक शिटीसारखा आवाज यावा आणि मग थांबावा, या खुणेवर ठेवला. भुसभुशीत मातीत याचा आणखी एक लाभ होतो. मोटरची पहिली धडक क्लच सोसतो, म्हणून चाके फिरत राहण्याऐवजी धरतात.

बॅटऱ्याही तपासल्या. नवीच्या प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध सुमारे २ मिलिओहम आहे, जुनीचा ६. बाहेर पडताना ४० अँपिअर ओढले गेले तर जुन्या बॅटरीतल्या दोन सेलमध्ये मिळून ०.४८ व्होल्ट आतच खर्च होतात, नव्या बॅटरीत ०.१६. जुनी आता फक्त सरावासाठी. दोन्ही बॅटऱ्या वापर नसताना प्रतिसेल ३.८ व्होल्टवर ठेवते, शर्यतीआधी ८.४० पर्यंत भरते आणि चार्जिंगच्या वेळी अग्निरोधक पिशवीत ठेवून जवळून हलत नाही. तिसरी, सर्वांत जुनी बॅटरी कवचातून फुगलेली दिसली. ती वापरातून कायमची काढली.

१३ एप्रिल

तिसरी क्लब शर्यत. ट्रॅकला काल पाणी मारले होते आणि सकाळी चाकोरी गडद, घट्ट होती.

पहिली हीट: ११ फेऱ्या ५:०१.३. अकरावी फेरी १.३ सेकंद उशिरा संपली. तक्त्यात पाहिले तर नवव्या फेरीत दुहेरी उडीवर एकदाच नाकावर टेकले होते आणि तेवढ्यात दोन सेकंद गेले होते. गाडीत काहीही बदलले नाही. फक्त बॅटरी भरली, टायर पुसले आणि स्क्रू पाहिले.

दुसरी हीट: दुहेरी उडीवर प्रत्येक वेळी आधीच ब्रेक, चाके सरळ, मग थ्रॉटल. अकरावी फेरी २९८.६ सेकंदांवर संपली. ध्वनिक्षेपकावरून वेळ वाचणाऱ्यांनी माझ्या क्रमांकापुढे ‘आणखी एक फेरी’ म्हटले तेव्हा अंगठ्याखालचा ट्रान्समीटरच्या चाकाचा रबर घामाने निसटत होता. बारावी फेरी २६.८ सेकंदांची झाली. एकूण १२ फेऱ्या ५:२५.४, सरासरी २७.१२, सर्वोत्तम २६.५. मागच्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत सरासरी आणि सर्वोत्तम या दोन आकड्यांत चार सेकंदांचे अंतर होते, आज ०.६२ सेकंदांचे आहे.

ब गटाच्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या जागेवरून सुरुवात केली. येथे सगळ्या गाड्या एकत्र सुटतात, पहिल्या वळणात गर्दी होते आणि मी त्या गर्दीत दोन जागा गमावल्या. ११ फेऱ्या ५:०४.२ आणि दुसरे स्थान. विजेत्याला अ गटात शेवटच्या जागेवरून धावायला मिळते. ती संधी या वेळी मिळाली नाही.

१६ एप्रिल

शर्यतीनंतरची खोलणी. डिफ हातात रेशमासारखा फिरतो आहे, चकत्या स्वच्छ आहेत. शॉकचे तेल किंचित काळवंडले होते, बदलले. डाव्या मागच्या हबचे बाहेरचे बेअरिंग पुन्हा खरखरत आहे, आणि ते जानेवारीत नवे घातले होते. एकाच जागचे बेअरिंग तीन महिन्यांत दोनदा जात असेल तर दोष बेअरिंगमध्ये नसावा, म्हणून आस काढून काचेवर लोळवला. तो वाकलेला आहे, डोळ्यांना न दिसेल इतकाच, पण काचेवर लोळताना एक टोक उचलले जाते. जानेवारीत हिंज पिन याच कोपऱ्यातली वाकलेली सापडली होती. तेव्हाच आसही तपासायला हवा होता.

१६ फेब्रुवारीच्या नोंदीत डगमगणाऱ्या चाकाचा दोष मी टायर चिकटवण्याला दिला आहे. तो चुकीचा होता. तेच चाक, तेच टायर नव्या आसावर चढवून फिरवले तर डगमग नाही. त्या नोंदीसमोर समासात आजची तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे. नवे बेअरिंग आणि नवा आस बसवला, हबच्या स्क्रूला थ्रेडलॉक लावले. २७ एप्रिलच्या सरावात आधी याच मांडणीवर दहा फेऱ्या घ्यायच्या आणि त्यानंतरच बॅटरी ५ मिलिमीटर पुढे आणून पाहायची, म्हणजे पुढच्या चाकांची हरवलेली पकड परत येते का ते कळेल.